वाचकांचे प्रश्न : ब्रायन मे, त्याची घरी बनवलेली गिटार आणि कोल्हापूरकरांच्या शंका

मागच्या अंकात क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारिस्ट आणि गीतकार ब्रायन मे याच्यावर छोटंसं टिपण छापलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या महिन्याचं सदर अख्खं त्यालाच देतोय. कोल्हापुरात रॉक ऐकणारे आहेत हे माहीत होतं, पण उद्यमनगरातनं, राधानगरीतनं, कॉलेजच्या पोरांकडनं, आयांकडनं एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं, लई बरं वाटलं. सगळे प्रश्न घेता येत नाहीत, निवडक घेतलेत.

उद्यमनगरातले एक वर्कशॉपवाले : पोरगा म्हणतोय की या माणसानं स्वतःची गिटार घरात बनवली, तीपण घरातल्या शेगडीच्या लाकडातनं, आणि आयुष्यभर तीच वाजवतोय. पोरं मोबाईलवर काय पण वाचत्यात. खरं काय ते सांगा.

मामा, पोरगा बरोबर बोलतोय, आणि तुमचा धंदा लेथचा असल्यामुळं ही गोष्ट तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळेल म्हणून सविस्तर सांगतो.

१९६३ सालची गोष्ट, ब्रायन तेव्हा सोळा वर्षांचा, लंडनजवळ राहणारा, घरची परिस्थिती साधी. त्या काळात फेंडर, गिब्सनच्या गिटारी दुकानाच्या काचेतनं बघायच्या आणि घरी यायचं, एवढंच परवडायचं. वडील हॅरोल्ड ड्राफ्ट्समन होते, इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार, घरात लागणाऱ्या वस्तू स्वतः बनवायची त्यांना सवय होती. मग बापलेकानं ठरवलं की गिटार आपणच बनवायची. साधारण दोन वर्षं लागली. गळ्याचं लाकूड म्हणजे शंभर वर्षांपेक्षा जुन्या एका फायरप्लेसची (भिंतीतल्या शेगडीची) महोगनीची चौकट, ओळखीतलं कुणीतरी ती टाकून देणार होतं. त्यात किड्यांनी भोकं पाडलेली, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीला जुन्या टेबलाचं ओक, बाकी ब्लॉकबोर्ड आणि वरनं महोगनीचं व्हीनियर. फ्रेटबोर्डवर (गळ्यावरच्या बोटं ठेवायच्या पट्टीवर) जे ठिपके असतात ते आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे.

आता तुमच्या कामाचा भाग. गिटारला एक दांडी असते, ती दाबली की सगळ्या तारा एकदम ढिल्या पडतात आणि सूर लहरतो, सोडली की तारा परत जागेवर यायला पाहिजेत. बाजारातल्या त्या काळच्या गिटारींचा रोग हाच होता, दांडी वापरली की सूर बिघडायचा. या पोरानं विचार केला की सूर कशामुळं बिघडतो, तर घर्षणामुळं, तारा कुठंतरी अडकतात म्हणून. मग त्यानं तारा अडकवलेली सगळी प्लेट सुरीच्या धारेसारख्या एका पोलादी कडेवर डुलती ठेवली, मागनं ताण द्यायला जुन्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा, आणि ब्रिजवर (तारा जिथं टेकतात तिथं) प्रत्येक तारेखाली हातानं बनवलेला छोटा रोलर. दांडीच्या टोकाला आईच्या स्वेटर विणायच्या जाड सुईचं टोक. म्हणजे घर्षण जिथं जिथं होतं तिथं तिथं जाऊन त्यानं ते काढलं. इलेक्ट्रिक गिटार हातात नसलेल्या सोळा वर्षांच्या पोरानं हे डिझाईन केलं, हे मला अजून भारी वाटतं.

पिकअप (तारांचं कंपन पकडून विजेत बदलणारे चुंबक) त्यानं आधी स्वतः गुंडाळून बनवले होते, पण तार बाजूला ओढली की आवाजात गडबड व्हायची. तेव्हा हट्ट न धरता त्यानं बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत आणले आणि ते अॅरल्डाइटमध्ये घट्ट बसवून टाकले म्हणजे शिट्टी मारायचे नाहीत. प्रत्येक पिकअपला दोन स्विच, एक चालू-बंद आणि एक फेज (म्हणजे विजेच्या लहरीचा चढ-उतार) उलटा करायला. त्यामुळं एकाच गिटारीतनं कितीतरी वेगळे आवाज निघतात. सगळा मिळून खर्च आठेक पौंड झाला असं सांगतात. तिचं नाव रेड स्पेशल. क्वीनचा पहिला अल्बम १९७३ ला आला त्यावर तीच, आणि आज पन्नास वर्षांनंतर स्टेजवरपण तीच.

बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरात स्वतः बनवला आणि १९२० ला सैरंध्री पडद्यावर आणला, हे आपण शाळेपासून ऐकतोय. परवडत नाही किंवा मिळत नाही म्हणून थांबायचं नाही, बनवायचं, ही बुद्धी ब्रायन मेला समजून घ्यायला सगळ्यात जवळची आहे असं मला वाटतं. त्याच्याकडं रॉकस्टार म्हणून बघण्याआधी कारागीर म्हणून बघा, त्याची गाणीपण मग वेगळी ऐकू येतील. आणि मामा, पोराला असलं काही करायचं असेल तर त्याला आधी मिरजेला घेऊन जा, तिथल्या सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून सतार तंबोरा कसा उभा राहतो ते बघू दे. गिटार वेगळं वाद्य आहे पण लाकूड कसं वाळवायचं, कसं ऐकायचं, हे तिथं दिसतं.

न्यू कॉलेजचा एक विद्यार्थी : वी विल रॉक यू मधला तो धम धम टाळी, त्यात ड्रम कुठला आहे? आमच्या ग्रुपनं ढोलावर तसा आवाज काढून बघितला, जमत नाही.

जमणार नाही भावा, कारण त्यात ड्रमच नाही. माणसांचे पाय आणि हात आहेत.

१९७७ ला इंग्लंडमध्ये स्टॅफर्डजवळ बिंगली हॉलमध्ये क्वीनचा शो झाला. शो संपला तरी लोक जाईनात, उलट सगळे मिळून एक जुनं गाणं म्हणायला लागले जे तिकडं फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात. बँडला हे नवीन होतं, तोवर रॉकच्या शोला लोक शांत ऐकायचे आणि शेवटी ओरडायचे. ब्रायनच्या डोक्यात हे बसलं की आता लोकांना शोमध्ये घ्यायला पाहिजे. आणि मग त्यानं अगदी साधा प्रश्न विचारला, दाटीवाटीनं उभ्या असलेल्या माणसाला काय काय करता येतं? पाय आपटता येतो, टाळी वाजवता येते, म्हणता येतं. बास, गाणं त्यातनंच आलं.

रेकॉर्डिंग लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत झालं, ती इमारत मुळात चर्चची. तिथं त्यांना जुन्या लाकडी फळ्या सापडल्या, त्यावर बँडनं आणि आसपासच्या लोकांनी पाय आपटले, तेच पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून थर चढवले. पण नुसते थर चढवले तर एका खोलीतली दहा-पंधरा माणसंच वाटणार, हजारो कशी वाटणार? इथं त्याचं फिजिक्स आलं. त्यानं प्रत्येक आवाजाला थोडा थोडा उशीर देऊन तो परत वाजवला, आणि ते उशीर मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले (२, ३, ५, ७, ११ अशा, ज्यांना दुसऱ्या कशानं भाग जात नाही). त्यामुळं कुठलेच दोन आवाज एकमेकांच्या पटीत येत नाहीत आणि कानाला एको ऐकू येत नाही, एको आला असता तर ती रिकामी खोली वाटली असती. त्याऐवजी लांब-जवळ पसरलेली गर्दी वाटते. हेडफोन लावून ऐका, एकच धप्प नाही, कडेनं जरा विस्कटलेला आहे तो आवाज.

आणि एक बघा, गिटारिस्टनं लिहिलेलं गाणं, पण गिटार जवळजवळ शेवटी येते. दुसऱ्या कुणी असतं तर पहिल्या सेकंदापासून वाजवली असती. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच असते तेव्हा गॅलरीत जे काय चालतं ते आपण लहानपणापासून बघतोय, कुणी शिकवत नाही, पाय आपोआप पडतात. तुमच्या ग्रुपला तो आवाज पाहिजे असेल तर ढोल घरी ठेवा, पाचपन्नास पोरं गोळा करा आणि लाकडी स्टेज असलेला हॉल शोधा.

शाहूपुरीतनं एक वाचक : फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकायला होता म्हणे, त्याबद्दल लिहा.

होता. फ्रेडी म्हणजे क्वीनचा गायक. जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६, पारशी कुटुंब, खरं नाव फारोख बलसारा. लहानपणीच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला आला, तिथं पियानो शिकला आणि पोरांचा द हेक्टिक्स नावाचा बँड होता त्यात पियानो वाजवायचा. १९६४ ला कुटुंब इंग्लंडला गेलं. पाचगणीचं हे सगळं कोल्हापूरपासनं फार लांब नाही घडलेलं, पण आजचं सदर ब्रायनचं आहे, फ्रेडीवर पुन्हा कधीतरी नीट लिहीन.

राजारामपुरीतनं एक शिक्षिका : क्वीनची गाणी फ्रेडीचीच असा समज आहे. मग हा गीतकार कसा?

ताई, हा समज खूप जणांचा आहे आणि तो दूर करायलाच पाहिजे. क्वीनमध्ये चौघंही लिहायचे. बोहेमियन रॅप्सडी फ्रेडीचं, अनदर वन बाइट्स द डस्ट बास वाजवणाऱ्या जॉन डीकनचं, रेडिओ गा गा ड्रमर रॉजर टेलरचं. ब्रायनची यादी लांब आहे, वर आलेलं वी विल रॉक यू, टाय युअर मदर डाऊन, सेव्ह मी, हॅमर टू फॉल, हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरेव्हर, आय वॉन्ट इट ऑल. बोहेमियन रॅप्सडी फ्रेडीचं असलं तरी त्यातला गिटारचा सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) ब्रायननं रचलाय, आणि तो सोलो तुम्ही तोंडानं गुणगुणू शकता, हीच त्याची खूण. त्याचे बहुतेक सोलो गाता येतात. बोटं किती जोरात पळतात हे दाखवायला तो वाजवत नाही, गाण्यात आणखी एक कडवं असावं तसं वाजवतो.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून थर्टी नाइन हे गाणं मुद्दाम सुचवतो, १९७५ च्या अल्बममधलं, ब्रायननं स्वतः गायलंय, साध्या अकूस्टिक गिटारवर, लोकगीतासारखं. वरवर ऐकलं तर जहाजावरनं नवीन भूमी शोधायला गेलेल्या लोकांचं गाणं वाटतं. खरं तर ते अंतराळात गेलेत, त्यांचं तिकडं एकच वर्ष झालंय आणि पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलीत, परत येईपर्यंत मागं ठेवलेली माणसं राहिलेली नाहीत. आइनस्टाइनचा काळ मंद होण्याचा नियम, आणि त्याचं असं गाणं की नियम माहीत नसला तरी गलबलून येतं. विज्ञानाच्या तासाला लावून बघा.

आणि द शो मस्ट गो ऑन. ते श्रेय सगळ्या बँडच्या नावावर आहे पण बहुतांश लिहिलंय ब्रायननं. फ्रेडी तेव्हा एड्सनं खंगत चालला होता, बाहेर कुणाला माहीत नव्हतं, आणि ब्रायन त्याच्याविषयीच लिहित होता आणि त्यालाच गायला देणार होता. केवढं अवघड काम असेल हे. सूर एवढे वरचे होते की ब्रायनला वाटलं याला झेपणार नाही, तसं त्यानं बोलूनपण दाखवलं, फ्रेडीनं व्होडकाचा घोट घेतला आणि गाऊन टाकलं. ऑक्टोबर १९९१ ला ते सिंगल आलं आणि २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला. स्वतःच्या गळ्यासाठी लिहिणारे पुष्कळ आहेत, दुसऱ्याच्या गळ्यासाठी, तोही असा गळा आणि अशी वेळ, तिथं ब्रायनच्या पंगतीला बसणारे मला फार थोडे दिसतात.

राधानगरीकडचे एक निवृत्त मास्तर : त्यानं खगोलशास्त्रात पीएचडी केली ती कशावर? आपल्याला समजेल असं सांगा.

मास्तर, सूर्याभोवती ग्रह ज्या पातळीत फिरतात त्याच पातळीत बारीक धूळ पसरलेली आहे, धूमकेतू आणि लघुग्रहांपासून आलेली. त्यावर सूर्याचा उजेड पडतो आणि तो पुसट पांढऱ्या पट्ट्यासारखा दिसतो, त्याला राशिचक्र प्रकाश म्हणतात. ती धूळ कुठल्या दिशेनं किती वेगानं चालली आहे, हे त्या प्रकाशाच्या वर्णपटातनं मोजायचं, हा त्याचा विषय. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात १९७० ला सुरुवात केली, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या वेधशाळेत निरीक्षणं घेतली, १९७४ ला बँडपायी सोडलं, आणि २००७ ला पूर्ण केलं. मधल्या काळात त्या विषयावर फार काम झालं नव्हतं म्हणून जुनी निरीक्षणं उपयोगी पडली, तरी तीस वर्षांचं सगळं नवीन वाचून त्यात घालावंच लागलं. पुढं लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाचा तो चान्सलर झाला, आणि एका लघुग्रहाला त्याचं नावपण आहे.

तुमच्याकडनं हा प्रकाश दिसायला पाहिजे बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अमावास्येच्या आसपास, सूर्य मावळून सव्वा-दीड तास झाला की पश्चिमेला क्षितिजापासनं वर तिरका चढत गेलेला मंद सुळका शोधा. दाजीपूरच्या बाजूला गावाचे दिवे मागं पडतात तिथं चांगलं. कोल्हापूर शहरातनं काही दिसणार नाही, उजेड फार आहे. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये पहाटे पूर्वेलापण दिसतो, आभाळ निवळ असलं तर.

साने गुरुजी वसाहतीतनं एक आई : मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोडून गिटारच करायची म्हणतो. तुमचं टिपण वाचून म्हणाला, बघ, ब्रायन मेनं पण शिक्षण सोडलं. आता मी काय सांगू?

ताई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ विचार केला. मुलाला टिपणात न आलेला भाग सांगा. ब्रायननं फिजिक्सची डिग्री १९६८ ला पूर्ण केलेली होती. पीएचडी करत असताना तो बँडमध्ये वाजवत होता आणि शाळेत गणितपण शिकवत होता. सोडलं केव्हा, तर क्वीनचे दोन अल्बम बाहेर आले होते आणि टूर सुरू झाल्या होत्या तेव्हा. आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या टूरवर त्याला कावीळ झाली, टूर अर्धवट टाकून बँडला परत यावं लागलं, पाठोपाठ अल्सर, हॉस्पिटलमधनंच तो पुढच्या अल्बमची गाणी लिहीत होता. बाकी तिघांनी त्याच्या गिटारची जागा रिकामी सोडून रेकॉर्डिंग चालू ठेवलं. तेव्हा नुसतं सोडलं आणि झालं असं काही नाही ते.

पण ताई, दुसरी बाजू तुम्हाला सांगायची आहे. ज्या वडिलांनी दोन वर्षं शेजारी बसून गिटार बनवली त्यांनाच मुलाचा हा निर्णय सहन झाला नाही. एवढं शिकून पॉप म्युझिक करणार, या गोष्टीवरनं बापलेकात बराच काळ बोलणंसुद्धा जवळजवळ बंद होतं. पुढं ब्रायननं आईवडिलांना न्यूयॉर्कला नेलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा शो दाखवला, आणि वडिलांनी कबूल केलं की आता समजलं. मधली वर्षं मात्र गेली ती गेली, आणि ब्रायन अजून त्याविषयी बोलतो तेव्हा ते दुखणं जाणवतं.

म्हणून माझं मत असं, डिग्री पूर्ण करायला सांगा, पण गिटार काढून घेऊ नका आणि बोलणं थांबवू नका. त्याला रोज दोन तास रियाजाला द्या, आठवड्याला एक स्वतःचं गाणं लिहून तुम्हाला ऐकवायला सांगा, कच्चं असलं तरी. खरंच नाद असेल तर इंजिनीअरिंग सांभाळूनपण गाणी होतील, आणि तुम्हाला ऐकायला मिळतील. सहा महिन्यांनी पुन्हा लिहा मला, मनापासून सांगतोय.

गंगावेशीतनं एक वाचक : आता तो वाजवतो का? तब्येत बिघडल्याचं ऐकलं.

२०२० ला हार्ट अटॅक आला होता, स्टेंट बसवले. २०२४ ला छोटा स्ट्रोक आला, डावा हात काही काळ नीट चालत नव्हता, गिटारिस्टचा डावा हात म्हणजे काय ते सांगायला नको. तो त्यातनं सावरला, गिटार वाजवता येतीय असं त्यानं स्वतःच तेव्हा सांगितलं. १९ जुलै १९४७ चा जन्म आहे, हिशोब करा. बिजू प्राण्यांना (बॅजर) मारायच्या सरकारी धोरणाविरुद्धचं त्याचं काम चालू असतं. २०२३ पासनं तो सर ब्रायन आहे.

फुलेवाडीतनं एक मुलगी, गिटार नवीन शिकणारी : तो प्लास्टिकच्या पिकऐवजी नाण्यानं वाजवतो हे खरं का? मी कुठलं नाणं घेऊ?

खरं आहे. ब्रिटनचं जुनं सिक्स पेन्स, जे आता चलनात नाही. प्लास्टिकचा पिक (तारा छेडायची पट्टी) वाकतो, त्यामुळं तार नेमकी केव्हा सुटली ते बोटांना कळत नाही असं त्याचं म्हणणं. नाणं वाकत नाही, आणि कड दातेरी असल्यामुळं तिरकं धरलं की प्रत्येक सुराच्या सुरुवातीला बारीक खरखर येते, सरळ धरलं की आवाज मऊ. पकड ढिली ठेवतो तो, नाणं कडक आणि बोटं सैल.

घरात जुन्या नाण्यांचा डबा असेल तर त्यात दातेरी कडेचं, चार आण्याएवढं छोटं नाणं बघ, गुळगुळीत कडेचं नको. अकूस्टिक गिटारवर आवाज फार टोचेल, इलेक्ट्रिकवर चांगला लागतो. सुरुवातीचे तीन-चार महिने मात्र साध्या प्लास्टिकच्याच पिकनं शीक, हात बसू दे. नाण्यानं तारा लवकर खराब होतात, एक जादा सेट आणून ठेव.